अर्धेलीची बदकं

बदकं पाळायला सुरवात कशी करावी आसं कुनी इचारलं तर मी येवढंच सांगंन, की कोंबड्या पाळल्या आसतील तर त्या आदुगर इसरून जा. मला ह्ये कुनी सांगितलं न्हाई. मी कोंबडीवाली बाई. कोंबडीचं समदं मला ठावं व्हतं, आन् त्यानंच माजा घोळ झाला.

तळेगावच्या मास्तरीनबाई म्हनल्या, दिवाळीच्या अंकात तुमचं कायतरी येऊ द्या. मला सहीपुरती अक्षरं येत्यात. म्हनून मी बोलते आन् शेजारची सून लिहिते. तिला सांगितलंय, माजं बोलनं सुदारू नगंस.

आता साहेब लोक गेलं, लोनावळ्याचं निम्मं बंगलं बंद हायेत. पन मधली लय वर्सं तितं बदकाचं अंडं म्हंजी माजंच. येक मडम व्हती, तिला अंड्यातलं पिवळं लय लाल दिसलं. तिनं अंडी माघारी धाडली, म्हनली तू रंग घालतीस. अंड्याच्या आत रंग कसा घालत्यात त्ये मी तिलाच इचारलं. येक शेठ व्हता, त्याला जिती बदकं पायजेत, खायाला न्हाई, बागंतल्या हौदात पवाया. त्यो मुंबैवनं आला की न्यायची आन् त्यो गेला की माघारी आनायची. वरातीला घोडं भाड्यानं देत्यात तसं. दम्याची मानसं यायची, वैदानं धाडलं म्हनून. त्यास्नी मी म्हनायची, गुन येतो का न्हाई मला ठावं न्हाई, अंडं ताजं हाय येवढं ठावं. ह्ये समदं मागनं झालं. सुरवातीला मला बदकातलं कायबी कळत नव्हतं. आजबी समदं कळतंय आसं न्हाई.

आमचं गाव लोनावळ्याच्या खालच्या अंगाला, रुळाच्या पल्याड. भाताची खाचरं, मधनं ओढा. माजं मालक घाटात रेल्वेच्या कामावर व्हते. तितं दरड आली आन् त्ये गेले. मंजी तवा चार वर्साची, माजी येकुलती. घरात सासू, तिला मी आत्या म्हनायची, आन् थोरलं दीर, त्यांची बायकापोरं. थोरल्या दिराशी सुनंनं तोंड उघडून बोलायची रीत नव्हती. त्यास्नी काय सांगायचं आसंल तर मंजीला म्हनायचं आन् त्यांनी ऐकायचं. त्येबी तसंच करायचं. भावजी तसंबी कमी बोलायचं, पन बोललं की मागं फिरायचं न्हाईत. माजी भीतीबी त्याच्यातच आन् आशाबी त्याच्यातच.

मालक जाऊन वरीस झालं, तवा येक दिस भावजी ओसरीवर बसून आत्याला म्हनालं, "आई, खाचरं तेवढीच हायेत आन् तोंडं वाढली. धाकटीला तिच्या भावाकडं जाऊ दे. भाऊ बरा हाय तिचा."

आत्या म्हनली, "आन् मंजी?"

"मंजी आपल्या घरची. तिला कोन उपाशी ठेवतंय? ती हितं ऱ्हाईल."

मी आत चुलीपुढं व्हते. माजं म्हायेर आंदर मावळात, डोंगराच्या पार आत. तितं गेलं की वर्सातनं येकदा पोर बघायला मिळाली तर मिळाली. तिला संगं नेते म्हनायची सोय नव्हती. पोर बापाच्या घरची, आसं समदीच धरून चालायची, माजा भाऊबी.

मी दाराआडनं म्हनलं, "मंजे, काकास्नी म्हनावं, आई कोंबड्या वाढवील, अंडी इकंल, दोघींचं पोट बघंल."

भावजी म्हनालं, "मंजे, आईला म्हनावं, कोंबड्या घरात हायेतच की. त्यानं कुनाचं पोट भरलंय?"

मंजी मधी उभी. तिला वाटलं ह्यो खेळ हाय. ती हासाया लागली.

अंडी घेऊन मी लोनावळ्याला जायची. येका बंगल्यात अंतोनी म्हनून बटलर व्हता, गोव्याकडला. रागीट, पन मानूस सरळ. त्यो अंडी घेताना येकदा म्हनला, "काय गो बाय, तुझ्याकडे खुडूक कोंबडी आहे?"

म्हनलं, "हाय. पन खुडूक कोंबडी कापून चव लागत न्हाई."

"कापायला नको. बसवायला पाहिजे. बदकाची अंडी आणलीत मी पुण्याहून. माझ्या साहेबाला नाताळात बदक लागतं, आणि मडमला केकमध्ये बदकाचं अंडं. दर वेळी मुंबईहून मागवतो, येता येता निम्मी मरतात."

मी इचारलं, "मंग बदकावरच बसवा की."

"बदक बसत नाही. अंडं घालतं आणि निघून जातं."

मला त्ये खरं वाटंना. आईच बसत न्हाई म्हंजी काय? पन आमच्यात शेरडं अर्धेलीनं देत्यात ना, म्हंजी जनावर येकाचं, राखनार दुसरा आन् पैदास वाटून घ्यायची, तसंच त्यो म्हनत व्हता. त्याचा वाटा त्यानं तितंच ठरवला. "नर माझे, कापायला. माद्या तुझ्या. त्यांची अंडी वर्षभर मीच घेईन, दुसरीकडे जायचं नाही."

मी घरी येऊन मंजीला सांगितलं, भावजी ऐकत व्हते. त्यास्नी ह्यो सौदा बरा वाटला. त्ये म्हनालं, "शिमग्यापतुर बघू. मंजे, आईला म्हनावं, शिमग्यापतुर अंडी दिसली तर ऱ्हा. न्हाई दिसली तर मामाला निरोप धाडतो."

तर माजी पोर बदकाच्या अंड्याला टांगली गेली, आन् बदक म्हंजी काय त्ये मी साहेबाच्या ताटात झाकलेलंच तेवढं बघितलेलं.

पाटीत भाताचा पेंढा घातला. आमी कोंबडी बसवताना अंडी इषम ठेवतो आन् कडंला कोळसा आन् लोखंडाचा खिळा ठेवतो, इजा कडाडल्या तर अंडी गार पडू नयेत म्हनून. समदं केलं. तीन आठवडं झालं, कोंबडीची पिल्लं निघत्यात तेवढं. येकबी अंडं फुटंना. शेजारनी बघायला यायच्या. येक म्हनली, "साहेबाची अंडी, इंग्रजीतच फुटतील." आत्यानं अंडं कानाला लावलं, हलवलं, म्हनली, "टाकून दे, आतमदी पानी झालंय." मी दोन फोडली. दोन्हीत पिल्लं जिती. तवा बाकीची परत कोंबडीखाली सारली आन् गप बसले. आनखी आठवड्यानं फुटली. बदकाला कोंबडीपरीस येक आठवडा जास्त लागतो, येवढी साधी गोष्ट अंतोनीला सांगावीशी वाटली न्हाई. त्याला वाटलं, बाईला ठावं आसंल.

मंग घोळावर घोळ. कोंबडीच्या पिल्लास्नी पाऊस लागू देत न्हाईत, म्हनून मी सर आली की डालगं पालथं घालायची. ती आत वरडून वरडून बेजार व्हायची, आन् ऊन पडल्यावर सोडली तर सावली शोदायची. तांदळाच्या कोरड्या कन्या टाकल्या तर येकाच्या घशात अडकून त्यो गेला. मागनं कळलं, बदकाला घास घास खाऊन पानी लागतं, कोंडा भिजवूनच द्यायचा. पैल्यांदा ती खाचरात उतरली तवा कोंबडी बांदावर आशी वरडली की आत्या काठी घेऊन पळत आली, तिला वाटलं मुंगूस आलं. तिनं काठीनं पानी हानून हानून त्यास्नी भाईर काढलं. दुसऱ्या दिशी परत तेच. चार दिस आत्या पानी हानत व्हती. मंग कोंबडीनंच नाद सोडला. आत्यानं त्यानंतर.

खाचरातलं लहान खेकडं, गोगलगाई, किडं, समदं ती खात. भात मूळ धरायच्या आदी सोडली तर रोपं तुडवत्यात, मूळ धरल्यावर सोडली तर रान साफ करत्यात. भावजींनी त्ये बांदावरनं बघितलं.

दसऱ्यापतुर नऊ बदकं उभी ऱ्हायली, बगळ्यावानी पांढरी. आता नर कंचा आन् मादी कंची? कोंबड्याला तुरा आसतो, रंग आसतो. ही समदी सारखीच. आमी रोज वळचनीखाली बसून बघायचो, मी आन् आत्या. पाच बदकं लय वरडायची. गावाच्या वेशीपतुर आवाज. चार गरीब, घशातल्या घशात खरखर करायची, सर्दी झाल्यावानी.

आत्या म्हनली, "ह्यात काय बघायचं? आरवतो त्यो नर."

मलाबी तेच वाटत व्हतं. कोंबड्यात नरच आरवतो. कवा कोंबडी आरवली तर आमी तिला घरात ठेवत न्हाई, अपशकून म्हनून कापतो. वर आनखी येक निशानी सापडली. त्या चार गरिबांच्या शेपटीवर पिसाची येक बट आली, वर वळलेली, नव्या नवरीच्या बटंसारखी. आत्या म्हनली, "ह्या बाया. बघ कशा नटल्यात." पाच वरडनाऱ्यांच्या शेपट्या साध्या. आमची खात्री झाली.

नाताळाच्या आदी मी पाच वरडनारी डालग्यात घालून अंतोनीला पोचवली. त्यो घाईत व्हता, बंगल्यात पाव्हनं यायचं व्हतं. त्यानं डालगं घेतलं आन् म्हनला, "जा आता." घरी आले तर अंगन कसं शांत. मला बरं वाटलं. चार माद्या ऱ्हायल्या, पौषात अंडी सुरू व्हतील.

पौष गेला. अंडं न्हाई. रोज सकाळी उजाडतानाच मी खुराडं उघडायची, कोंबड्या सोडायच्या त्याच येळंला, आन् मंग हात घालून कोपरे चाचपायची. नुसता पेंढा. वाटलं मुंगूस खातंय. खुराड्याला दगड लावलं. वाटलं सरप गिळतोय. आत्यानं नारळ फोडला. वाटलं गावातली पोरं नेत्यात. मी दिसभर बदकांच्या मागं मागं हिंडले, ओढ्यानं, बांदानं. ती खात, पवत, झोपत. अंडं काय घालत न्हाईत. येकदा येक बदक दुसऱ्यावर चढलेलं दिसलं. मी आत्याला हाक मारली. आत्या बघून म्हनली, "येक नर ऱ्हायला वाटतं यात." मंग खाली आसलेलं वर चढलं. आत्यानं डोईवरचा पदर पुढं वढला. म्हनली, "चल घरात. आपल्याला बघायचं न्हाई ह्ये."

तिकडं अंतोनीबी बदलला. नाताळानंतर मी कोंबडीची अंडी घेऊन गेले तर त्यानं दाराआडनंच निरोप धाडला, नगं म्हनून. परत गेले, परत नगं. मला काय उमगंना. मी त्याचं काय केलं व्हतं? नर त्याला दिलं, बोलल्यापरमानं.

माघ सरत आला तवा मी ठरवलं, तोंडावर इचारायचं. बंगल्याच्या फाटकाशी पोचले आन् आतनं आवाज आला. माज्याच बदकांचा. त्यो आवाज मी कुटंबी वळखला आसता. नाताळात कापून खाल्लेली बदकं आत वरडत व्हती. मी फाटकाला धरून उभी ऱ्हायले.

अंतोनी भाईर आला. "काय गो बाय, आता कशाला आलीस? नरांचा रस्सा संपला वाटतं घरचा?"

म्हनलं, "कसला रस्सा? नर तुमाला दिलं की."

"मला? तू मला माद्या दिल्यास. पहिलीच कापली तर पोटात अंड्यांची माळ. इवली इवली, पिवळी. माझा हातच पुढे होईना. बाकीच्या चार ठेवल्या. आणि त्या रात्री साहेबाच्या पाहुण्यांना बदक म्हणून काय वाढलं ठाऊक आहे? कोंबडा. दोन कोंबडे." त्यो माज्याकडं बोट करून बोलत व्हता. "मला वाटलं, ही बाई पक्की. नर वजनाला भारी, ते घरी ठेवले, आणि हलक्या माद्या माझ्या गळ्यात मारल्या."

मी म्हनलं, "वरडतो त्यो नर न्हवं?"

त्यानं रोखलेलं बोट खाली घेतलं. मंग पायरीवर खाली बसला. हासला न्हाई. म्हनला, "बदकात मादी ओरडते, बाय. नर असाच, घशातल्या घशात."

"मंग ती शेपटीवरची बट?"

"ती नराची."

मला त्ये पटंना. मी त्याला परत इचारलं, त्यानं परत तेच सांगितलं. देवानं कोंबड्यात येक आन् बदकात दुसरं का केलं आसंल, ह्याचा इचार मी तितं उभ्यानं करत व्हते, आन् शिमगा तोंडावर आलेला. अंतोनीला मी मंजीचं सांगितलं. त्याच्या आदी कदी घरचं बोलले नव्हते. त्यानं ऐकून घेतलं आन् म्हनला, "नर आण. माद्या ने. रोज अंडी देतात, शपथ."

तीन नर त्याला दिलं, येक जोडीला ठेवला, चारी माद्या घरी आनल्या. आत्याला समदं सांगितलं. ती म्हनली, "बाप्ये गप आन् बाया वरडत्यात? मंग ही बदकं आपल्याच घरची." भावजी ओसरीवर व्हते. त्यांनी पान खात भिताडाकडं बघितलं.

माद्या आल्या तशी वेशीपतुर आवाज सुरू झाला. पन अंडं न्हाई. येक दिस न्हाई, दोन न्हाई. मी म्हनलं, जागा बदलली, बुजली आसतील. रोज उजाडताना उघडायची, चाचपायची, पेंढा. अंतोनीनं खोटी शपथ घेतली का काय, तेबी मनात आलं. होळी पेटली. भावजी म्हनालं, "मंजे, आईला म्हनावं, मामाला निरोप धाडलाय. धुळवडीच्या दुसऱ्या दिशी येईल."

आत्या त्या सांजेला जेवली न्हाई.

धुळवडीच्या दुसऱ्या दिशी माजा भाऊ पहाटंच आला. मी दोन लुगडी बांदली. मंजीची येनी घातली, येळ लावून घातली. खुराडं उघडायला मी त्या दिशी गेले न्हाई. म्हनलं, ती आता माजी न्हाईत, ज्याला ठेवायची त्यानं सोडावी. दादा ओसरीवर गूळपानी घेत बसला व्हता. भावजींशी पावसाचं, बैलांचं बोलत व्हता. दोघंबी माज्याकडं बघत नव्हते. उन्हं अंगनात आली आन् खुराड्यात बदकं वरडाया लागली. येवढी वरडली की दादाचं बोलनं भावजीस्नी ऐकू येईना.

भावजी म्हनालं, "आई, उघड त्ये खुराडं."

आत्या म्हनली, "माजं गुडगं धरल्यात. तूच उघड."

भावजी उठलं. खुराड्याचं दार काढलं, बदकं त्यांच्या पायांमधनं ओढ्याकडं पळाली. भावजी वाकलं. आत बघितलं. लय येळ वाकूनच ऱ्हायलं. मला वाटलं कायतरी मेलं आत.

मंग त्ये सरळ झालं. डोक्यावरचं पटकूर काढून त्यांनी झोळीवानी धरलं व्हतं, त्यात अंडी. मोठी, गाळानं माखलेली, पांढरी. त्ये अंगनातनं चालत आलं, आत्याच्या पुढनं, दादाच्या पुढनं, आन् माज्याम्होरं येऊन उभं ऱ्हायलं.

"ह्ये कुटं ठेवायचं?"

मी पदर पसरला.

कोंबडी उजाडल्यावर सोडली तर दिसा कदीबी येऊन घरात अंडं घालती. बदक पहाटंपासनं उन्हं वर येईस्तोवर घालतं, तवर कोंडून ठेवायचं आसतं. बंगल्यात साहेबाचा नाष्टा झाल्याबिगर खुराडं कोन उघडत नव्हतं, म्हनून तितं अंडी सापडायची. मी उजाडताना सोडायची आन् ती ओढ्यात जाऊन घालायची. ह्ये मी आता सांगते. तवा मी नुसती पदर धरून उभी व्हते. मला वाटत व्हतं, मी उघडलं न्हाई म्हनून ती रागावली आन् घातली.

मंजी पळत ओढ्याकडं गेली. बदकांच्या मधी पान्यात उतरली, गाळात हात घातला. येक अंडं काढलं. परत घातला, आनखी येक. ती तितनं हाका मारत व्हती आन् येकेक वर धरून दाखवत व्हती.

भावजींनी पटकूर झटकलं, डोक्याला गुंडाळलं. दादाला म्हनालं, "पाव्हनं, जेवून जा."

आत्यानं भात टाकला. दादा जेवला, हात धुतला, माजं गाठोडं व्हतं तितंच ठेवून येकटाच गेला.